तिसऱ्या माणसासाठी हजार कार्डं

ज्या गावात माणूस घरातून निघून चौकात पोचेपर्यंत पाच-सात जणांना 'राम राम' घालून मोकळा होतो, तिथे व्हिजिटिंग कार्ड नेमकं कुणाला द्यायचं? देवास जिल्ह्यातल्या बागलीत धंदा करणाऱ्याला हा प्रश्न पडतो. इंदूरहून नेमावरच्या रस्त्याला लागलं, की चापड्याहून आत वळल्यावर बागली येते. तहसिलीचं गाव आहे, बाजारपेठ आहे, दुकानांवर पाट्याही आहेत. पण पत्ता सांगताना पाटीचा आधार कुणी घेत नाही. "जुन्या गिरणीच्या समोर" असं सांगतात. गिरणी बंद पडून जमाना झाला, तिच्या जागी मोबाईलचं दुकान आलं, तरी पत्ता गिरणीचाच. त्या मोबाईलवाल्यालाही आपलं दुकान कुठे आहे हे सांगायला गिरणीच लागते.

इथे आमचे मामा पंपांच्या मोटारी बांधतात. मोटर बांधणं म्हणजे आतली जळकी तार काढून नवी भरणं. माळव्यात गव्हाला पाणी द्यायचे दिवस आले की विजेचा दाब उतरतो, मोटारी जळतात आणि मामांचे बरे दिवस येतात. दुसऱ्याच्या शेतातल्या धुरावर आपली चूल पेटते याची त्यांना थोडी लाज वाटते, म्हणून ते गिऱ्हाइकाला आधी चहा पाजतात आणि मग भाव सांगतात. मामेभावाने इंदुरात राहून धंद्याचा कसलासा कोर्स केला आणि घरी आल्या आल्या जाहीर केलं, "बाबा, आपलं कार्ड पाहिजे."

"कुणाला देऊ?" मामा म्हणाले. "ज्याच्याकडे मोटर आहे, त्याची मी कधी ना कधी उघडलेली आहे. ज्याच्याकडे नाही, त्याला माझं काय काम?"

कोर्समध्ये याचं उत्तर नव्हतं. पण फी भरलेली होती, म्हणून कार्ड छापायचं ठरलं.

तसं पाहिलं तर छपाईच्या बाबतीत देवास जिल्ह्याने कुणाकडून शिकायला जायचं कारण नाही. मराठी माणसाला नोटांचा छापखाना म्हटलं की नाशिक रोड आठवतो. तिथे १९२८ पासून नोटा छापतात. पण १९७४ साली देवासलाही बँक नोट प्रेस उभी राहिली, आणि नोटांना लागणारी खास शाईसुद्धा तिथेच तयार होते. म्हणजे आमच्या जिल्ह्यात असा कागद छापला जातो, जो घेणारा कधी रस्त्यावर टाकत नाही, जपून खिशात ठेवतो आणि दुसऱ्याला देताना दोनदा मोजतो. जाहिरातदाराने याहून जास्त काय मागावं? हे मी मामांना सांगितलं, तर ते म्हणाले, "मग आपलं कार्ड तिथेच छापू."

थट्टा सोडा, पण एकदा नोट हातात घेऊन वाचण्याजोगी आहे. एक संस्था, एक रक्कम, एक वचन आणि ते देणाऱ्याची सही. पाठीमागे तीच रक्कम पंधरा भाषांत, त्यांत मराठीही. बाकी सगळी नक्षी. आता आमच्याकडचं कार्ड पाहा. माथ्यावर गणपती, त्याच्या दोन्ही बाजूंना दोन देव्या, कारण देवासच्या टेकडीवर चामुंडा आणि तुळजाभवानी दोघी आहेत आणि एकीला वगळून दुसरीला छापणं बरं नव्हे. मग दुकानाचं नाव, त्याखाली 'प्रो.' आणि मालकाचं नाव. या भागात प्रोफेसर मोजके, 'प्रो.' मात्र दर दुकानात एक. मग चार मोबाईल नंबर, त्यांतला एक बंद पडलेला, एक मुलाचा आणि तो उचलत नाही. मग कामांची यादी: मोटर, कूलर, पंखा, मिक्सर, स्टार्टर, 'इत्यादी सर्व कामे'. आणि उरलेल्या चिमूटभर जागेत, 'उधार मागून लाजवू नये.'

मामेभावाने कागदावर नोटेचा हिशेब मांडला: एक नाव, एक नंबर, एक काम, एक वचन. वचनावर घरात वाद झाला. 'सकाळी मोटर आणा, दुसऱ्या दिवशी न्या' असं लिहायचं ठरत होतं. मामांना त्यात 'वीज असल्यास', 'तार मिळाल्यास' आणि 'घरात लग्नकार्य नसल्यास' अशा अटी घालायच्या होत्या. शेवटी मामी म्हणाली, "अहो, जे जमतं तेवढंच लिहा. नाही जमलं तर कार्डावर कुणी ओरडणार नाही, दारात येऊन ओरडतील." मग 'तीन दिवसांत' असं छापलं. दुसऱ्या दिवशी मिळणारी मोटर तीन दिवसांत देतो म्हटलं की लोक खूश होतात, हा शोध त्या दिवशी फुकट लागला.

आता किती छापायची? शंभर पुरे, असं मामांचं मत. छापखान्यात गेल्यावर कळतं की शंभराचा आणि हजाराचा भाव इतका जवळ असतो, की शंभर मागणारा मूर्ख ठरतो. ऑफसेटच्या कामात पैसा लागतो तो प्लेट बनवायला आणि मशीन लावायला. एकदा मशीन लागलं की पुढचा खर्च मुख्यतः कागदाचा. रंगीत कार्डं स्वस्त पडतात त्याचं कारण याहून मजेचं आहे. मोठ्या शहरातला छापखाना एकाच मोठ्या तावावर अनेक गिऱ्हाइकांची कार्डं शेजारी शेजारी बसवतो, एकदम छापतो आणि मग कापतो. त्यामुळे प्लेटचा खर्च सगळ्यांत वाटला जातो. आपलं कार्ड एखाद्या दंतवैद्याच्या आणि एखाद्या घोडी-बग्गीवाल्याच्या कार्डाला खेटून जन्माला आलेलं असतं. घाई असेल तर हे जमत नाही, ताव भरेपर्यंत थांबावं लागतं. स्वस्ताईची किंमत वेळात मोजायची, हा बाजाराचा जुनाच कायदा.

तर हजार कार्डं आली. डब्यातून काढून मामांनी पहिलं कार्ड देवापुढे ठेवलं, दुसरं गल्ल्यात, आणि तिसरं कुणाला द्यायचं ते सुचेना. काही दिवस कार्डांचे इतर उपयोग सापडत गेले. डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली एक बसलं, मामीने मसाल्याच्या डब्यांवर नावं लिहायला काही नेली, नातवाने पत्ते केले. मग एके दिवशी पुंजापुऱ्याकडचा एक शेतकरी आला. मामांनी त्याला कधी पाहिलेलं नव्हतं. त्याच्या हातात कार्ड होतं, घामाने मऊ झालेलं. कुणाच्या तरी साडूने कुणाच्या तरी भाच्याला दिलेलं आणि तिथून फिरत आलेलं.

तेव्हा मामांच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. कार्ड ओळखीच्या माणसासाठी नसतंच. ओळखीच्या माणसाने ते अनोळखी माणसाला द्यावं यासाठी असतं. गाव लहान असलं की आपण म्हणतो, इथे मला सगळे ओळखतात. खरं आहे. पण त्या सगळ्यांची सोयरीक गावाबाहेर असते. जावई हाटपिपल्यात, साडू सोनकच्छला, मेव्हणा थेट हरद्याला. कालीसिंध बागलीजवळच्या डोंगरात उगम पावते आणि कुणी न सांगता राजस्थानात जाऊन चंबळेला मिळते. धंद्याचं नाव तिच्यासारखं आपोआप वाहत नाही, कुणीतरी हातात धरून ते पुढच्या गावाला न्यावं लागतं. नेणारा दुसरा माणूस आणि गिऱ्हाईक तिसरा. छपाईचा सगळा खर्च या तिसऱ्यासाठी.

हे एकदा डोक्यात बसलं की पुढच्या गोष्टी सुचायला कोर्स लागत नाही. मोटर जळते रात्री, शेतात, घरापासून लांब. त्या वेळी कार्ड असतं घरातल्या फळीवर, डब्याखाली. म्हणून मामांनी पाण्याने न निघणारे छोटे स्टिकर छापले आणि बांधलेली प्रत्येक मोटर परत देताना तिच्या स्टार्टरच्या पेटीवर आतून एक चिकटवला. आतून, कारण बाहेरचा ऊन खातं. आता मोटर बंद पडली की शेतकरी पहिल्यांदा जी पेटी उघडतो, तिच्यात मामा बसलेले असतात. शेत विकलं गेलं, बटाईने दिलं, तरी स्टिकर पेटीबरोबर नव्या माणसाकडे जातो.

पत्रकांचं नशीब मात्र वेगळं. आमच्याकडे त्याला पर्चा म्हणतात. पहाटे पेपरवाल्याला प्रत्येक पेपरात एक घालायला सांगायचं, त्याचे थोडे पैसे द्यायचे. सकाळी वाचणारा पेपर झटकतो, पर्चा खाली पडतो, आणि त्याचं सार्वजनिक जीवन तिथेच संपतं. पण मामांचा एक पर्चा काही दिवसांनी चौकातल्या कचोरीवाल्याकडे दिसला. शेव त्यावरच येत होती. तेलाने कागद पारदर्शक झाल्यामुळे दोन्ही बाजू एकदम वाचता येत होत्या. जाहिरातीच्या पुस्तकात ही सोय सांगितलेली नसते. पर्च्यातून धंदा येतो तो ठरावीक वेळी, म्हणजे काही नवं सुरू केलं तर, किंवा हंगामाच्या तोंडाशी. बारा महिने वाटत राहिलं तर रद्दीवाल्याशी आपले संबंध सुधारतात.

कागद टिकतो केव्हा? घरातल्यांना तो कामाचा वाटतो तेव्हा. मराठी माणसाला हे फार पूर्वी उमगलेलं आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबईला गणपत कृष्णाजी छापील मराठी पंचांग घेऊन आले. त्या काळी सोवळी माणसं छापील पोथीला हात लावायला बिचकत, शाईत चरबी असेल या शंकेने. मग तुपाच्या शाईत पोथ्या छापल्या गेल्या, असं सांगतात. गिऱ्हाइकाला कितीही पटवून सांगितलं असतं तरी जी शंका गेली नसती, ती तुपाने घालवली. आणि १९७३ मध्ये जयंतराव साळगावकरांनी 'कालनिर्णय' काढलं, तेव्हा तारखेच्या पाठीमागे वाचायला मजकूर आला. महिना संपल्यावर पान उलटायचं, तर लोक महिना सुरू होण्याआधीच उलटून वाचू लागले. भिंतीला टांगलेली जाहिरात पैसे देऊन विकत घेणारा समाज आणखी कुठे असेल तर मला माहीत नाही.

याहून मोठी गोष्ट किर्लोस्करांची. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केला, तर लोखंडाने जमीन बिघडेल अशी शेतकऱ्यांना धास्ती. नांगर चांगला असून उपयोग काय, तो ओढणाऱ्याच्या मनात गेला पाहिजे. १९२० मध्ये किर्लोस्करवाडीहून शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केलं, मुळात कारखान्याच्या मालाची खबर गिऱ्हाइकांपर्यंत पोचवायला. पण नुसती मालाची खबर लोक किती दिवस वाचणार? त्यात लेख आले, कथा आल्या, नवे विचार आले. १९२९ मध्ये त्याचं 'किर्लोस्कर' झालं, पाठोपाठ १९३० मध्ये 'स्त्री' आणि १९३४ मध्ये 'मनोहर'. नांगर विकायला निघालेल्या कागदाने मराठी घरांना वाचायची सवय लावली. आपल्या कार्डावर साहित्य फुलावं अशी मामांची इच्छा नाही, पण यातला धडा त्यांनी घेतला. वाचणाऱ्याच्या कामाचं काहीतरी द्या, आपलं नाव त्याच्या कोपऱ्यात मावतं.

दिवाळीला त्यांनी कॅलेंडर वाटलं. तयार चित्रांची कॅलेंडरं शिवकाशीची येतात. देवाचं चित्र तिथलं, खालची पट्टी आपली. अडचण अशी, की गावातले बाकीचे दुकानदारही तेच करतात. एका भिंतीला एक खिळा, आणि दाराशी पाच देव. खिळ्यासाठी देवांत स्पर्धा लागली तर भाविकाने काय करावं? मामेभावाने तोडगा काढला. चित्र लहान केलं, आकडे मोठे घेतले आणि प्रत्येक तारखेच्या चौकोनात दुधाचा हिशेब लिहिण्यापुरती पांढरी जागा ठेवली. पुढच्या वर्षी ज्या घरी गेलो, तिथे देव बैठकीत होते आणि मामा स्वयंपाकघरात, दुधाच्या रतिबाखाली. यालाच कोर्समध्ये बाजारातलं स्थान म्हणतात.

या सगळ्यात मामीच्या धंद्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. ती ब्लाउज शिवते, साडीला फॉल-पिको करते. तिच्याकडे ना कार्ड, ना पर्चा, आणि गिऱ्हाइकं मामांपेक्षा जास्त. तिचं जाळं संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत विणलं जातं. माळव्यातल्या मराठी घरांत हळदीकुंकू चुकवायचं नसतं, आणि मामी शेजारच्या माळवी बायकांनाही बोलावते. वाण म्हणून लोक प्लास्टिकच्या वाट्या देतात. मामीने एका वर्षी जाड कागदाची लहान कार्डं दिली. वर तिचं नाव आणि नंबर, खाली रिकामे रकाने: उंची, छाती, खांदा, बाही, गळा पुढचा, गळा मागचा. समोरच माप घेऊन तिने आकडे भरून दिले. बाईने ते कपाटात साडीच्या घडीत ठेवलं. दुसऱ्या गावच्या शिंप्याकडे गेली तरी माप दाखवायला मामीचंच कार्ड काढते, आणि तो शिंपी मनातल्या मनात काय म्हणतो ते मामीला ऐकू येत नाही.

नेटवर्किंग म्हणून जे शहरात पैसे भरून शिकवतात, ते खेड्यात लग्न, मौत, हाट आणि कथा-भागवत यांत वाटून ठेवलेलं असतं. लग्नपत्रिका आली की जायचं, आणि जेवून लगेच निघायचं नाही, हा त्याचा पहिला नियम. गेल्यावर धंद्याचं बोलायचं नाही, हा दुसरा. आपली मोटर जळाल्याचं समोरचाच काढतो, आपण फक्त "अरेरे" म्हणायचं. तिसरा नियम असा, की ज्यांचं काम आपल्या कामाच्या आगेमागे येतं, त्यांच्याशी चहाचं नातं ठेवायचं. बोअर खणणारा, पाइप विकणारा, वायरमन. त्यांच्या गल्ल्यावर आपली दहा कार्डं, आपल्या गल्ल्यावर त्यांची दहा. खर्च शून्य, आणि तिसरा माणूस आपोआप सापडतो. हे तिन्ही नियम मोडून आपल्या कामाची यादी सांगत फिरणारा माणूस दिसला की लोक वाट बदलतात.

या भागाने माणसं राखण्याचा एक नमुना पाहिलेला आहे. जवळच्या हाटपिपल्याचे कैलाश जोशी १९६२ पासून सलग आठ वेळा बागलीतून विधानसभेवर निवडून गेले आणि १९७७ मध्ये मध्य प्रदेशाचे मुख्यमंत्री झाले. हे काम नुसत्या पत्रकांनी होत नाही. पत्रकं तर पडलेल्यांनीही छापलेली असतात.

आणि दोघांच्या पत्रकांवर एक नाव सारखंच असतं, छापणाऱ्याचं. निवडणुकीच्या पत्रकावर मुद्रकाचं नाव-पत्ता हवाच, असं लोकप्रतिनिधित्व कायदा सांगतो. लग्नपत्रिकेवर कुठलाही कायदा सांगत नाही, तरी खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत ते असतंच, फोन नंबरासह. दोन घराण्यांची चार पिढ्यांची नावं संपल्यावर खाली छापखाना उभा. कुणी हरो, कुणी जिंको, कुणाचं लग्न होवो, कुणाचं मोडो, त्याची जाहिरात दुसऱ्याच्या पैशाने घरोघर जाते. छोट्या धंदेवाल्याने गुरू करायचा असेल तर लांब जायला नको. जिथे कार्ड छापायला गेलात, तिथेच काउंटरमागे तो बसलेला आहे.

याउलट दुकानाच्या गल्ल्यावरचा क्यूआर कोड. दिवसभरात गिऱ्हाईक सगळ्यात जास्त वेळा बघतं तो छापील कागद हाच. त्यावर पैसे पाठवणाऱ्या कंपनीचं नाव ढब्बू अक्षरांत आणि दुकानदाराचं मुंगीएवढं. आपल्याच गल्ल्यावर, आपल्याच जागेत, दुसऱ्याची जाहिरात, आणि भाडं काही नाही. मामांनी त्याच्या वर स्वतःच्या नावाची पट्टी लावली. पट्टीला आलेला खर्च एका कचोरीएवढा.

आता मामांची एक सवय पक्की झाली आहे. कार्ड देताना ते एक देत नाहीत, दोन देतात. एक तुम्हाला आणि एक ज्याला लागेल त्याला. यातही घोटाळे होतात. सरळ माणसं दुसरं कार्ड परत करतात, "दोन चिकटून आलीत" म्हणून. मग मामा समजावतात, "ठेवा, तुमच्या मेव्हण्याला द्या." परवा एकाने तोंड वाकडं केलं आणि म्हणाला, "मेव्हण्याशी बोलणं बंद आहे."

"मग तर द्याच," मामा म्हणाले. "बोलायला निमित्त झालं. मोटर त्याची जळाली काय नि तुमची जळाली काय, आणायची इथेच."